मुभा आणि मुलाखत

राजकारणावरची बातचीत भांडणावर न जाता संवाद कशी राहते, याचे एक उत्तर मला फिलाडेल्फियाच्या ‘फ्रेश एअर’ या कार्यक्रमात सापडले. टेरी ग्रोस १९७५पासून त्याच्या सूत्रधार आहेत. पाहुणा बहुधा दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत असतो. चेहरा दिसत नाही, उरतो फक्त आवाज. खाजगी वाटेल तो प्रश्न टाळण्याची मुभा त्या पाहुण्याला आधीच देतात. राजकारण्यांना मात्र ही सवलत नाही. सामान्य माणसाचे खाजगीपण जपावे, सत्तेला जाब विचारावा, हा मला त्यातला विवेक वाटतो.

अशा कार्यक्रमांना १९६७च्या कायद्याने सरकारी आधार दिला. २०२५मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. महानगरांतली केंद्रे श्रोत्यांच्या देणग्यांवर तगतीलही. खरी भीती खेड्यापाड्यांतल्या केंद्रांची आहे.