‘याच्या डोक्यात राहत नाही जी!’

जूनअखेरची गोष्ट. पेरणीची घाई सोडून देवळी तालुक्यातल्या एका गावाहून वडील दहा वर्षांच्या मुलाला घेऊन ओपीडीत आले होते. मुलगा पाचवीत नापास झालेला, फेरपरीक्षेतही अडकलेला. वडील म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, याच्या डोक्यात काहीच राहत नाही जी. एखादं टॉनिक लिहून द्या. नाहीतर शाळेतून काढतो याले.’’

मुलगा खाली मान घालून उभा होता. मी त्याला दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला. ‘कमळ’चे ‘कळम’ झाले, ‘धर’चे ‘घर’ झाले आणि पहिल्या जोडाक्षरापाशी गाडी थांबली. मग तोच उतारा मी वाचून दाखवला आणि त्यावर पाच प्रश्न विचारले. त्याने पाचही उत्तरे बरोबर दिली. वडिलांनीच पुढे सांगितले, ‘‘फवारणीचा पंप बिघडला की हाच खोलते अन् हाच दुरुस्त करते.’’

ज्याला ऐकलेले समजते, आठवते आणि पंपही दुरुस्त करता येतो, त्याच्या ‘डोक्यात राहत नाही’ असे कसे म्हणायचे? अडचण होती ती फक्त छापील अक्षरांपाशी. तरीही एक कबुली द्यायला हवी. वीस वर्षांपूर्वी मी अशा मुलांना लोहाचे औषध आणि ‘स्मरणशक्तीचे’ सिरप लिहून दिले आहे. त्यातली बहुतेक मुले पुन्हा आली नाहीत. ती सुधारली म्हणून आली नाहीत, असे मला आता वाटत नाही.

या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातली ती डिस्लेक्सिया, लेखनातली डिसग्राफिया आणि गणितातली डिसकॅल्क्युलिया. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाचे वर्णन केले होते. त्याची नजर चांगली होती, पण त्याला वाचता येत नव्हते. आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्याचे मेंदूचे काम अशा मुलांमध्ये संथ आणि वेगळ्या पद्धतीने चालते. शाळकरी मुलांत याचे प्रमाण ५ ते १५ टक्के मानले जाते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात किमान दोन. बऱ्याचदा ही अडचण घराण्यात चालत येते. आळस, लाड किंवा मोबाइल हे तिचे कारण नव्हे.

मराठीत ती कशी दिसते? घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांत गोंधळ होतो. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, तिथे मूल अडखळते. जोडाक्षरे गळतात. तोंडी उत्तर येते, वहीत उतरत नाही. सहा-सात वर्षांपर्यंत उलटी अक्षरे काढणे स्वाभाविक आहे. तिसरीनंतरही हेच चालू राहिले तर तपासणी हवी.

मात्र प्रत्येक मागे पडलेले मूल डिस्लेक्सियाचे नसते. आधी डोळे आणि कान तपासावेत. वाहत्या कानाच्या मुलाला मास्तरांचे अर्धे शब्द ऐकूच येत नाहीत. मूल मध्येच काही सेकंद टक लावून हरवत असेल, तर ती फीट असू शकते. रक्तक्षय, थायरॉइड आणि अपुरी झोपही पाहावी. आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे सिकलसेल. या मुलांची शाळा दुखण्यामुळे बुडते. काहींच्या मेंदूला बाहेरून लक्षणे न दिसता छोटे आघातही होतात. चांगले शिकणारे सिकलसेलचे मूल एकाएकी मागे पडले, तर त्याला रागावू नका, रुग्णालयात आणा.

हे सारे पाहून झाल्यावर मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या घेतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे आणि सिकलसेलही आहे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळू शकते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. प्रमाणपत्र असले की दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी अर्ज शाळेमार्फत करायचा असतो. तो नववीतच करावा, परीक्षेच्या तोंडावर नको. प्रमाणपत्र कुठल्या रुग्णालयात मिळेल, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा शिक्षकांनी अशा मुलाचे नाव आवर्जून सांगावे.

‘दिव्यांग’ शब्द ऐकून पालक दचकतात. ‘पोरीचं लग्न कसं होईल?’ असेही विचारतात. कागद न घेतल्याने अडचण नाहीशी होत नाही, फक्त सवलत जाते.

यावर औषध नाही. (अतिचंचलता सोबत असेल तर काहींना औषध लागते, पण ते त्या चंचलतेसाठी.) उपाय आहे तो उपचारात्मक अध्यापनाचा. रोज वीस मिनिटे, एका वेळी दोन-तीन अक्षरे. आवाज उच्चारायचा, बोटाने धान्यात गिरवायचा, मग वाचायचा. दहा वेळा लिहून काढण्याची शिक्षा कामाची नाही. समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक यात मदत करतात. गटसाधन केंद्रात त्यांची चौकशी करावी.

१९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या कामातून शिक्षणाचा गांधीजींचा विचार, नई तालीम, देशापुढे आला. त्याच जिल्ह्यात मुलाची पारख आपण फक्त मोठ्याने वाचण्यावरून करतो. पण याचा उलटा अर्थही काढू नये. ‘हात चालतो ना, मग शेतात घाला’ ही नई तालीम नव्हे. पंप दुरुस्त करणाऱ्या मुलाला औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता आलीच पाहिजे.

आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा मुलाला काढू शकत नाही. वडिलांना मी तेच सांगितले आणि ‘तुम्हीही काढू नका,’ असे बजावले. मुलाला चष्मा लागला, चाचण्या झाल्या, निदान ठरले. मोठी बहीण रोज संध्याकाळी त्याच्यासोबत बसते. दिवाळीनंतर ते पुन्हा आले. मुलगा तिसरीचा उतारा वाचत होता, सावकाश, बोट ठेवून. पाचवीच्या पातळीला यायला अजून बराच अवकाश आहे. या वेळी वडिलांनी टॉनिक मागितले नाही. जाताना त्यांनी हळूच विचारले, ‘‘मलेही लहानपणी असंच होत होतं जी. मी चौथीत शाळा सोडली. मलाही हेच असन का?’’

बहुधा असावे, असे मी त्यांना सांगितले.