जुना क्रमांक, नवी दुरुस्ती

संगणकाच्या आज्ञावलीत होणारे बदल दोन प्रकारचे असतात. नवी आवृत्ती निघाली, की तिच्यासोबत नव्या सोयी येतात, काही जुन्या रीती बदलतात आणि क्वचित नवे दोषही शिरतात. सुरक्षेसाठी केलेल्या दुरुस्तीचा हेतू मात्र मर्यादित असतो: सापडलेले भोक बुजवावे, बाकी सारे होते तसे राहू द्यावे. ज्या कार्यप्रणालीवर वर्षानुवर्षे विसंबून राहायचे, तिच्या स्थिर आवृत्तीत म्हणूनच हा दुसरा मार्ग पत्करला जातो.

१९९३ साली सुरू झालेली डेबियन ही कार्यप्रणाली याचे उत्तम उदाहरण होय. तिची सातवी आवृत्ती मे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत संदेश कूटबद्ध करणारी ओपनएसएसएल ही आज्ञावली होती व तिचा क्रमांक १.०.१ई असा होता. ७ एप्रिल २०१४ रोजी या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. आलेल्या संदेशाची सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, हे ती पडताळत नसे. त्यामुळे एकेका फसव्या विनंतीसरशी स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर परक्याच्या हाती पडू शके. त्यात परवलीचे शब्द असू शकत, तशाच गुप्त किल्ल्याही.

मूळ कर्त्यांनी दुरुस्तीसह १.०.१जी ही आवृत्ती काढली. डेबियनच्या सुरक्षा गटाने ती जशीच्या तशी न घेता तीतील पडताळणीचा नेमका भाग उचलून जुन्या १.०.१ई मध्ये बसवला. क्रमांक तोच राहिला. दुरुस्ती झाल्याचे कळे ते केवळ पुढे जोडलेल्या ‘डेब७यू५’ या खुणेवरून. नुसता क्रमांक वाचून तिला असुरक्षित ठरवणारा फसला असता. याउलट, डेबियनच्या सहाव्या आवृत्तीतील ०.९.८ या त्याहून जुन्या मालिकेत हा दोष नव्हताच; तो मार्च २०१२ मध्ये १.०.१ मधील एका नव्या सोयीबरोबर आला होता.

परंतु जुन्या आज्ञावलीत हात घालणाराही चुकू शकतो. २००६ साली डेबियनमध्ये याच आज्ञावलीतील दोन ओळी अनावश्यक समजून निष्क्रिय करण्यात आल्या. परिणामी, ज्यांचा अंदाज बांधता येऊ नये अशा संख्या निर्माण करण्याची तिची क्षमता लोपली आणि एका प्रकारच्या यंत्रावर ठरावीक लांबीच्या किल्ल्यांचे जेमतेम ३३ हजार पर्याय उरले. मे २००८ मध्ये हे उघड झाले, तेव्हा दुरुस्ती पुरली नाही. दरम्यान घडवलेल्या किल्ल्याही बदलाव्या लागल्या.

क्रमांकावरून आज्ञावलीचे वय कळते. तिच्या सुरक्षिततेसाठी मात्र कोणती दुरुस्ती झाली आणि ती किती काळजीपूर्वक तपासली गेली, हेच पाहावे लागते.