गुळाचा चहा का फाटतो?

दिवाळी उलटली की कोल्हापूरच्या आसपासची गुऱ्हाळं धडधडू लागतात आणि मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा येऊ लागतात. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा गूळ हल्ली चहातही हौसेने पडतो. पण पहिल्याच प्रयत्नात अनेकांचं दूध नासतं आणि दोष दूधवाल्याला दिला जातो.

कारण वेगळं आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. आम्लता वाढली की हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. दूध जितकं गरम, तितकं ते थोड्या आम्लतेनेही फाटतं. गूळ साखरेसारखा शुद्ध केलेला नसतो. त्यात थोडी आम्लं आणि क्षार उरतात. ओल लागलेला, जुना गूळ अधिक आंबट होतो. असा गूळ उकळत्या दुधात पडला की चहा फाटलाच म्हणून समजा.

उपाय सोपा आहे. दोन कपांसाठी दीड कप पाण्यात ठेचलेलं आलं उकळा. दोन चमचे चहापूड घालून दोन-तीन मिनिटं उकळू द्या. त्याहून जास्त उकळलं तर तुरटपणा वाढतो. मग किसलेला गूळ विरघळवा, गॅस बंद करा आणि मिनिटभर थांबा. चहा गाळून घ्या आणि वेगळं तापवलेलं अर्धा कप दूध वरून ओता. दूध घातल्यावर भांडं पुन्हा गॅसवर ठेवू नका.

आता आरोग्याचं. ‘गूळ आहे, चालतो’ म्हणत मधुमेही मंडळी बिनधास्त दुसरा कप घेतात. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि तो रक्तातली साखर वाढवतोच. कपाला दहा ग्रॅम गूळ धरला, तर चार कपांत चाळीस ग्रॅम झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घेतलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम.

दुसरा समज लोहाचा. गुळात लोह असतं, पण चमचाभर गुळात ते किती असणार? त्यातही चहातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात, त्यामुळे ते शरीरात नीट शोषलं जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळा. लोहाची गोळी तर चहासोबत कधीच घेऊ नका. मग तो चहा साखरेचा असो की गुळाचा. गर्भवतींनी हे विशेष लक्षात ठेवावं. जेवताना पानात लिंबाची फोड असू द्या, तिने लोह शोषायला मदत होते.

गुळाचा चहा जरूर प्या, पण चवीसाठी. औषध म्हणून नको.