विश्लेषण : पावसानंतर उगवलेली पांढरी छत्री खायची की टाळायची?

श्रावणसरी सुरू झाल्या की कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला पानात बांधलेली रानातली अळंबी विकायला येते. त्याच दिवसांत शहरातल्या बागांच्या हिरवळीवरही बशीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. पहिली चवीने खाल्ली जाते, दुसरी रुग्णालयात पोहोचवते. दोन्हींतला फरक कसा ओळखतात, याविषयी…

वारुळावरची अळंबी वेगळी कशी?

ही अळंबी ‘टर्मिटोमायसिस’ प्रजातीतली. वाळवी चघळलेल्या पालापाचोळ्यावर वारुळात ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. शेती म्हणावी तर ही खरी शेती. पाऊस मुरला की छत्री माती फोडून वर येते. त्यासाठी टोपीच्या मध्यभागी टणक टोक असते आणि दांड्याचे मुळासारखे लांब शेपूट थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेले असते. वाळवीशिवाय ती नीट वाढत नाही, म्हणून धिंगरीसारखी ती वर्षभर बाजारात मिळत नाही.

हिरवळीवरची छत्री कोणती?

बहुतेकदा ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’. पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले आणि दांड्यावर वर-खाली सरकणारे कडे असते. कोवळेपणी टोपीखालचे पडदे पांढरेच असतात, फसगत होते ती इथे. पुढे ते हिरवट-राखाडी होतात. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात.

ओळख कशी पटवतात?

अळंबी वरून खुडायची नाही, बुडासकट खणून काढायची. बुडाशी शेपटाऐवजी पिशवीसारखे आवरण दिसले, तर ती ‘अमानिटा’ असू शकते. या प्रजातीतल्या काही जाती प्राणघातक आहेत. दुसरी कसोटी बीजाणूंच्या रंगाची. दांडा कापून टोपी पालथी कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर थांबायचे. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी, क्लोरोफायलमचा हिरवट, तर अमानिटाचा पांढरा उमटतो. फिकट गुलाबी ठसा देणाऱ्या विषारी जातीही आहेत, त्यामुळे नुसत्या ठशावर भाजी फोडणीला टाकणे वेडेपणाच. मोबाइलवरच्या छायाचित्रात तर बूडही दिसत नाही आणि बीजाणूही नाहीत.

चांदीचे नाणे काळे पडते का?

पडले काय, न पडले काय, विषाशी त्याचा संबंध नाही. किड्यांनी खाल्लेली अळंबी सुरक्षित, हाही गैरसमजच. अमानिटातले ‘अमाटॉक्सिन’ शिजवूनही नष्ट होत नाही.

विषबाधा झाल्यास?

लक्षणे उशिरा, म्हणजे सहा तासांनंतर दिसली तर धोका अधिक. अमाटॉक्सिनमुळे झालेल्या उलट्या-जुलाब थांबतात, रुग्णाला बरे वाटते आणि नेमके त्याच काळात यकृत निकामी होत असते. त्यामुळे बरे वाटले तरी रुग्णालय गाठावे आणि उरलेली कच्ची अळंबी प्लास्टिकऐवजी कागदात गुंडाळून सोबत न्यावी.