मालक म्हणाला ‘पाणी चोवीस तास’, आणि दारात रोज टँकर

आजचा भाग घर शोधणाऱ्यांसाठी.

समजा, पुण्यात तुम्ही एक रीसेल फ्लॅट बघितला. मालक म्हणाला, "कॉर्पोरेशनचं पाणी चोवीस तास. सोसायटीचं एक रुपया देणं नाही." खरेदीखत झालं, सामान लागलं, आणि मग कळलं की रोज टँकर येतो आणि मेंटेनन्सही थकलाय. आता काय? "व्यवहार झाला, विषय संपला" असं एजंट म्हणेल. पण तसं नाहीये.

आपला करार कायदा १८७२ चा. जुना आहे, पण इथे तोच कामाला येतो. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्यात. खोटं आहे हे माहीत असून सांगितलं, तर ती फसवणूक, कलम १७. आणि सांगणाऱ्याला ते खरंच वाटत होतं, पण पुरेशी माहिती नसताना त्याने छातीठोक सांगितलं, तर ते कलम १८, म्हणजे वकील ज्याला मिसरिप्रेझेंटेशन म्हणतात ते. दोन्हींत कलम १९ प्रमाणे करार रद्द करायचा हक्क तुमचा. ‘तुमचा’ हे महत्त्वाचं. करार आपोआप रद्द होत नाही. तुम्ही तो ठेवू शकता आणि म्हणू शकता, जे सांगितलं ते खरं असतं तर मी ज्या स्थितीत असतो, तिथे मला आणून ठेवा.

मग फरक कुठे पडतो? समजा मालक परदेशात आहे, फ्लॅट वडिलांचा. तो म्हणतो, "कार्पेट सातशे आहे," कारण बाबा तसं सांगायचे. मोजल्यावर निघाले सहाशे वीस. त्याच्या मनात पाप नव्हतं. आणि तुम्ही टेप लावून मोजू शकत होता. अशा वेळी कायदा म्हणतो, साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं, सबब करार रद्द करता येणार नाही. पण टँकरवाल्या मालकाला ही पळवाट नाही. तो जाणूनबुजून खोटं बोललाय. "शेजाऱ्यांना का नाही विचारलंत?" हा बचाव तिथे चालत नाही.

आणि जो काहीच बोलला नाही त्याचं काय? एरवी गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. घराच्या विक्रीत मात्र मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ आहे. मिळकतीत किंवा टायटलमध्ये मोठा दोष असेल, विकणाऱ्याला माहीत असेल, आणि साध्या तपासणीत तो तुम्हाला दिसणार नसेल, तर तो सांगणं विकणाऱ्याचं कामच आहे. लपवलं तर ती फसवणूक.

"एकदम प्राइम लोकेशन, भाव डबल होणार" वगैरे मात्र सोडून द्या. ती बडबड, तिच्यावर केस उभी राहत नाही.

नव्या प्रोजेक्टमध्ये रस्ता सोपा आहे. रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरात, ब्रोशर किंवा सॅम्पल फ्लॅट बघून पैसे भरले आणि ते खोटं निघालं, तर भरपाई मागा, किंवा बाहेर पडून सगळे पैसे व्याजासकट परत घ्या. तक्रार महारेराच्या साइटवर ऑनलाइन होते. म्हणून ब्रोशर रद्दीत टाकू नका!

रीसेलला सहसा रेरा नाही. नोंदणी झालेलं खरेदीखत रद्द करायचं तर दिवाणी कोर्ट, आणि मुदत खरं कळल्यापासून तीन वर्षं. ही तीन वर्षं "बघू, बोलू" करण्यात जातात. शिवाय सगळं कळूनही तुम्ही मुकाट्याने राहत राहिलात, भाडेकरू ठेवलात, तर तुम्ही करार मान्य केला असं समोरचा म्हणणार. कळलं की आधी वकिलाची नोटीस.

आणि टोकन द्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक साधा मेसेज टाका: "काका, पाणी चोवीस तास आणि मेंटेनन्स क्लिअर, असं तुम्ही काल म्हणालात, बरोबर ना?" उत्तर आलं की तो चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.