डिझेल इंजिन स्टार्ट होत नाही? पंप उतरवण्याआधी हे छोटं सोलेनॉइड तपासा

मागच्या पावसाळ्यात पहाटे चारला काकांचा व्हिडिओ कॉल आला. टेम्पोत टोमॅटोचे क्रेट भरलेले, मार्केटला निघायची वेळ झालेली आणि इंजिन काही सुरू होईना. स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. टाकीत डिझेलही होतं. ओळखीच्या मेकॅनिकने फोनवरच सांगून टाकलं, "पंप उतरवावा लागेल." म्हणजे दोन-तीन दिवस गाडी उभी आणि माल खराब.

मी सॉफ्टवेअरवाला, पण डिग्री मेकॅनिकलची. म्हटलं, "काका, आधी पंपावरची ती एक वायर बघू."

सोलेनॉइड म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनमध्ये स्पार्क बंद केला की इंजिन थांबतं. डिझेलमध्ये स्पार्क प्लगच नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे इंजिन थांबवायचं तर डिझेलच तोडावं लागतं. जुन्या रोटरी पंपावर (उदा. बॉशचा व्हीई पंप) हे काम फ्युएल शटऑफ सोलेनॉइड करतं. बरेच जण त्याला स्टॉप सोलेनॉइड म्हणतात.

आत तांब्याच्या तारेची कॉइल, एक प्लंजर आणि स्प्रिंग असते. चावी ऑन केली की कॉइलला करंट मिळतो, प्लंजर आत ओढला जातो आणि डिझेलचा रस्ता उघडतो. करंट गेला की स्प्रिंग प्लंजर ढकलून रस्ता बंद करते. म्हणजे वायर तुटली, फ्यूज उडाला तरी इंजिन बंदच राहणार. पंप मात्र अगदी ठणठणीत असतो!

लक्षात ठेवा, काही इंजिनांत, विशेषतः काही जनरेटरमध्ये, हे उलटं असतं. तिथे करंट दिला की इंजिन थांबतं. तुमचा प्रकार कोणता ते मॅन्युअलमध्ये बघा. कॉमन रेल इंजिनमध्ये डिझेल कधी सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, तिथे खालची पद्धत वापरू नका.

तपासायचं कसं?

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. वायर काढण्याआधी मोबाईलने फोटो काढून ठेवा.

१. आवाज ऐका. स्टार्टर न मारता चावी फक्त ऑन-ऑफ करा. पंपाजवळ 'टक्' असा आवाज यायला हवा. आजूबाजूला गोंगाट असेल तर फोन जवळ धरून रेकॉर्ड करा.

२. करंट येतोय का बघा. 'टक्' नसेल तर चावी ऑन ठेवून सोलेनॉइडच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावा. साधारण बॅटरीइतकाच व्होल्टेज दिसायला हवा. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्प चालेल. करंटच नसेल तर फ्यूज, रिले, वायर आणि चावीचा स्विच तपासा.

३. स्टार्टर मारताना पुन्हा बघा. ही पायरी बरेच जण विसरतात. चावीचा स्विच झिजला असेल तर 'ऑन'वर करंट येतो, पण 'स्टार्ट'वर तुटतो. मग 'टक्' ऐकू येऊनही गाडी सुरू होत नाही. मीटर धरणाऱ्याने हात आणि कपडे बेल्ट-फॅनपासून लांब ठेवावेत.

४. करंट येतोय, पण 'टक्' नाही? सोलेनॉइडला अर्थ बहुतेक वेळा पंपाच्या बॉडीतूनच मिळतो, तो गंजलाय का बघा. मग वायर काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. सर्किट ओपन दाखवलं तर कॉइल जळली. कॉइल चांगली असेल तर प्लंजर कचऱ्याने अडकला असेल. तो साफ करणं किंवा सोलेनॉइड बदलणं मेकॅनिककडे द्या. त्यासाठीही पूर्ण पंप उतरवावा लागत नाही.

५. सगळं बरोबर आहे तरी सुरू होत नाही? मग डिझेल फिल्टर चोंदलाय का, लाइनमध्ये एअर धरलीय का ते बघा. नोझलच्या पाइपाचे नट स्वतः सैल करू नका. तिथला दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत घुसू शकतं.

एक जुगाड टाळाच

काही ठिकाणी प्लंजर आणि स्प्रिंग काढून टाकतात. इंजिन सुरू होतं, पण मग चावीने बंद होत नाही. आग किंवा अपघाताच्या वेळी इंजिन थांबवता आलं नाही तर काय? बॅटरीवरून कायमची डायरेक्ट वायर टाकण्याचंही तेच. तपासण्यापुरती, फ्यूज असलेली वायर लावली तरी लगेच काढा. आणि गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, ते आधी बघून घ्या.

काकांच्या टेम्पोचं काय झालं?

'टक्' आवाज नव्हता. काकांनी टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला नाही. फ्यूज चांगला होता. मग टॉर्च मारून वायर शोधत गेले, तर इंजिनच्या कडेला घासून ती आतून तुटलेली. बाहेरून नुसती काळी पडल्यासारखी दिसत होती. सोलून जोडली, टेप मारली, चावी फिरवली. टक्! टेम्पो सुरू झाला आणि माल वेळेत पोचला. दुसऱ्या दिवशी नवी वायर टाकून घेतली.

"अरे, एवढ्यासाठी पंप उतरवला असता की!" काका म्हणाले. म्हणूनच, कोणी पंप उतरवायला सांगितलं तर आधी एकच विचारा: सोलेनॉइडपर्यंत करंट येतोय का?