काठावरची वाट

सातपुड्यातील मोलगीच्या आठवडे बाजारात आमचूर, भगर घेऊन येणारे आदिवासी बांधव आजही ओढ्याकाठची पाऊलवाट धरतात. ती कोणी आखलेली नाही. पावलांनीच ती घडविली. पाणी वळते तिथे वाटही वळते.

महानगराला मात्र अशी वाट मुद्दाम बांधावी लागते. मुंबई महानगरपालिकेने पवई तलावाच्या काठी सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी सामायिक मार्ग हाती घेतला. व्यायाम, मोकळी हवा, धूरविरहित प्रवास, असा हेतू चांगलाच होता. परंतु १८९१ साली बांधलेला हा तलाव मगरींचा व नाना पक्ष्यांचा निवारा आहे. काठावर दगडांचा भराव पडू लागला, तेव्हा आयआयटीचे विद्यार्थी व पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम २०१७ च्या पाणथळ नियमांविरुद्ध असल्याने बेकायदा ठरविले आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती आपण साधूंच्या विहारात नित्य पाहतो. वाट चालणाऱ्याने पाळायचा हा विवेक वाट बांधणाऱ्यानेही पाळावयास हवा. आपल्या गावी नदीकाठच्या रस्त्यासाठी कोणी वर्गणी मागण्यास आले, तर सढळ हाताने द्यावी. मात्र त्याआधी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पावसाळ्यात पाणी कुठवर चढते? आणि या काठावर आपल्याआधीपासून कोण राहते?